पहाटे चारचा बीपी आणि रविवारची उपासना

ताई, मी एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आमचं घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती. रविवारी उपासनेला जाते, गायनमंडळात गाते. पण नाइट ड्युटीमुळे सकाळचं मनन, म्हणजे बायबल वाचून प्रार्थना करणं, होत नाही. 40 खाटांना आम्ही दोघीच. कधी कधी पहाटे चारचा बीपी न घेताच चार्टवर आधीच्या आकड्याच्या आसपासचं काहीतरी लिहिते. घरी आलं की जावेबद्दल नको ते विचार येतात. तिचं नवं घर, तिच्या मुलाची मोठी शाळा. मग बहिणीला फोन लावून तासभर तेच बोलते. एवढं झाल्यावर गुडघे टेकायची लाज वाटते. रोजच्या जगण्यात देवाचा मान राखायचा तरी कसा?

प्रिय बहीण,

तू मननाबद्दल आधी लिहिलंस आणि चार्टचं मध्येच एका ओळीत उरकलंस. मी चार्टपासून सुरुवात करते, कारण मला त्याची जास्त काळजी वाटते.

ऑपरेशन झालेल्या माणसाला आत रक्तस्राव होत असेल तर नाडी वाढते, बीपी उतरू लागतो, आणि हे त्या चार्टवर दिसायला हवं. सकाळी राउंडला आलेले डॉक्टर तुझ्या आकड्यावर विश्वास ठेवून औषध ठरवतात. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची आज्ञा आहे, ती आपल्याला पाठ असते. त्याच अध्यायात पुढे खरा तराजू, खरी वजनं, खरं माप ठेवा असंही सांगितलं आहे आणि लगेच ‘मी तुमचा देव परमेश्वर आहे’ असं म्हटलं आहे. तुझ्या हातातलं माप म्हणजे तो बीपीचा आकडा.

आज रात्रीपासून न घेतलेला आकडा लिहू नकोस. जमलं नाही तर ‘घेता आला नाही’ अशी नोंद कर आणि ड्युटी सोपवताना पुढच्या सिस्टरला तोंडीही सांग. इन्चार्ज रागावतील, कदाचित सगळ्यांसमोर बोलतील. पण दोघींवर 40 रुग्ण टाकणं चुकीचं आहे, हे अशा नोंदी दिसल्याशिवाय वरच्यांना कळणार कसं? खोटे आकडे भरून तू स्वतःवरचा अन्यायही झाकून ठेवते आहेस. दोघी मिळून मेट्रनकडे जा आणि लेखी द्या.

यासाठी नोकरी सोडायचा विचार मात्र मनात आणू नकोस. ‘आम्ही काय करावं?’ असं विचारत जकातदार आणि शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आले, तेव्हा त्याने त्यांना काम सोडायला सांगितलं नाही. ठरलेल्यापेक्षा जास्त वसूल करू नका, जुलमाने पैसे काढू नका, आपल्या पगारात समाधानी राहा, असं सांगितलं. लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे, पुन्हा वाच. केडगावला पंडिता रमाबाईंनी 1896-97च्या दुष्काळातून वाचवलेल्या मुलीबायकांना आसरा दिला, त्या मुक्ती मिशनमध्येही प्रार्थनेबरोबर शेती, विणकाम आणि छापखाना चालत असे. आपल्याकडे मात्र हल्ली भक्ती फक्त उपासनेच्या वेळेत मोजली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

मननाचं म्हणशील तर पहाटे पाचलाच बसावं अशी सक्ती शास्त्रात कुठेही नाही. 134वं स्तोत्र रात्री परमेश्वराच्या घरात उभ्या राहणाऱ्या सेवकांसाठीच आहे. तीनच वचनं आहेत, ड्युटीला जाताना बसमध्ये वाचून होतील. आणि बायबलमधला, राजाला प्याला देणारा सेवक नहेम्या आठव. राजाने ‘तुला काय हवं?’ असं विचारलं, तेव्हा त्याने तिथेच स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि मग उत्तर दिलं. राजासमोर उभं राहून केलेली ती प्रार्थना किती लांब असणार? सलाइन लावताना तुलाही तेवढी जमेल.

आता जावेचं. नको तो विचार मनात आला म्हणून तू देवापासून दुरावत नाहीस. त्याला खायला घालतेस तेव्हा तो वाढतो, आणि तो तासाभराचा फोन म्हणजे त्याला खायला घालणंच आहे. 73व्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता आसाफ सरळ कबूल करतो की दुष्टांची भरभराट पाहून मला त्यांचा हेवा वाटला. पुढे म्हणतो, तुझ्यासमोर मी पशूसारखा होतो, तरी मी नेहमी तुझ्याजवळ आहे. त्याने मन स्वच्छ होईपर्यंत प्रार्थना थांबवली नाही, हेवा घेऊनच तो देवासमोर आला. तूही तशीच जा. ‘देवबापा, तिचं घर बघून माझा जीव जळतो’ हे त्याला जसंच्या तसं सांग. लाज वाटते म्हणून गुडघे टेकायचं टाळलंस, तर ते सांगायला बहिणीचा फोनच उरतो.

बहिणीला या आठवड्यातच सांग की आपण जावेबद्दल बोलणं बंद करू या. पहिले काही दिवस दोघींना बोलायला काही सुचणार नाही. चालेल.

हे सगळं एकटीने जड वाटलं तर पाळकसाहेबांच्या पत्नीशी जरूर बोल. तिथे चार्टचं सांग, तुझ्या मनातल्या हेव्याचंही सांग. पण जावेचं नाव घेऊ नकोस, तिच्या घरातल्या गोष्टीही काढू नकोस. महिला मंडळात ‘प्रार्थनेची विनंती’ म्हणून दुसऱ्याच्या घरातलं किती बोललं जातं, ते तुलाही ठाऊक आहे.

तुझी,
ताई