जेट मॉडेलला कुठला गोंद? पाच मिनिटांच्या अरालडाइटवर भिस्त नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाल्साच्या हलक्या लाकडाची, शिकाऊंसाठीची ट्रेनर मॉडेल विमानं बांधून हात बसलाय, आता निपाणीत घरीच फायबरच्या फ्युजलाजचं (म्हणजे धडाचं) मॉडेल जेट जुळवायला घेतलंय, ८० न्यूटन जोराचं टर्बाइन इंजिन बसवणार आहात. त्याला 'सगळ्यात स्ट्राँग' गोंद कुठला आणि नेहमीचं पाच मिनिटांचं अरालडाइट नि फेविक्विक एवढ्यावर भागेल का?

भागणार नाही. फेविक्विकला या विमानात काम आहे, पण ते तुकडा जागेवर धरून ठेवायचं, भार पेलायचं नाही. पाच मिनिटांचं ईपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग कालवून लावायचा गोंद, अरालडाइट त्यातलंच) मात्र मी जेटमध्ये जवळजवळ कुठंच लावू देणार नाही. आपल्याकडं बहुतेकांची गाडी नेमकी इथंच अडते, म्हणून आधी त्याचंच बोलतो.

ईपॉक्सी झटपट आवळावं म्हणून त्यात मर्कॅप्टन जातीचा हार्डनर घालतात. वेळ वाचतो, पण सुकल्यावर ते साधारण ५०-६० अंशांना मऊ पडायला लागतं. एप्रिलमध्ये गडद रंगाचा पंख दुपारी उन्हात ठेवलात तर तेवढं तापमान टर्बाइन सुरू न करताच गाठलं जातं. बंद गाडीच्या डिकीत तर विचारूच नका. खोलीत हातोडीनं ठोकून बघितलेला जोड मैदानावर का सुटला, याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं. दुसरं असं, की पाच मिनिटांत ते लाकडात नीट मुरतही नाही आणि तुमची जुळवाजुळवही होत नाही. अर्धवट आवळलेल्या गोंदात फॉर्मर, म्हणजे धडाच्या आत आडवी बसणारी प्लायची चौकट, जरा सरकवला की तो जोड आतून तुटलाच म्हणून समजा. वरून दिसायला झकास, आत काही नाही. मैदानावरची तात्पुरती दुरुस्ती, एखादी वायर अडकवणं, एवढ्यापुरतं ते पेटीत असू द्या.

मग घ्यायचं काय? हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं साधं, सावकाश सुकणारं स्टँडर्ड अरालडाइट. लोक परदेशी नावाच्या मागं धावतात आणि हे हातातलं सोडतात. त्याचा मोठा पॅक १.८ किलोचा का असतो, बघितलंय? रेझिन १ किलो आणि हार्डनर ८०० ग्रॅम. म्हणजे वजनानं १०० ला ८०, आणि आकारमानानं निम्मं-निम्मं. ट्यूबमधून दोन सारख्या लांबीच्या रेघा काढल्या तर चालतं, पण वजन करताना सारखं वजन घेतलंत तर हार्डनर जास्त होतो आणि जोड रबरासारखा राहतो. 'आणखी थोडा हार्डनर घाला, लवकर आवळेल' असं सांगणारा मेस्त्री भेटला तर ऐकून घ्या आणि करू नका. ऑनलाइन मिळणारा छोटा डिजिटल काटा घ्या, अंदाजपंचे काम नको. कालवताना भांड्याच्या कडा आणि तळ खरवडून घ्या, आणि कालवलेला माल पसरट झाकणात ओता. खोल वाटीत ढीग ठेवला की तो स्वतःच्याच उष्णतेनं तापतो नि वेळेआधी आवळतो. जास्त असला तर धूरसुद्धा निघतो.

आता गोंदापेक्षा महत्त्वाचं: तो ज्याला लावायचा तो पृष्ठभाग. फायबरचं फ्युजलाज साच्यातून निघालेलं असतं. साच्याला मेण किंवा तसलंच काही लावलेलं असतं, आणि ते हाताळताना आतल्या बाजूलाही लागतं. शिवाय आतल्या बाजूला रेझिनची चकाकी असते, तिच्यावर कुठलाच गोंद धड धरत नाही. जिथं फॉर्मर बसणार तिथं दोन्ही बाजूला बोटभर रुंदीचा पट्टा १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा. चमक पूर्ण गेली पाहिजे आणि पांढुरकी, मॅट भुकटी दिसली पाहिजे. काचेचे धागे उघडे पडेपर्यंत मात्र घासू नका. मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन पांढऱ्या फडक्यावर घेऊन पुसा, फडकं बदलत राहा, आणि फडक्यावर काही उतरायचं थांबलं की थांबा.

झालं की नाही, हे बघायची सोपी खूण आहे. घासलेल्या जागी पाण्याचा थेंब सोडा. तो पातळ पसरून सलग थर झाला तर जागा स्वच्छ. गोळा होऊन अळवावरच्या पाण्यासारखा पळू लागला तर अजून तेलकटपणा आहे. पुन्हा घासा, पुन्हा पुसा. तपासून झाल्यावर जागा पूर्ण वाळवा आणि त्यानंतर बोटसुद्धा लावू नका. अ‍ॅल्युमिनियमचं काही चिकटवायचं असेल तर घासल्यावर लगेच गोंद लावा. त्यावर ऑक्साइडचा थर पुन्हा धरायला वेळ लागत नाही, उद्यावर टाकलंत तर घासणं वाया.

फॉर्मर बसवताना एक गोष्ट सुतारकामाच्या सवयीच्या उलट आहे. लाकडात आपण जोड जितका घट्ट तितका चांगला मानतो. इथं प्लायचा फॉर्मर फायबरच्या कवचाला ठासून बसवला तर बाहेरून तिथं रेघ उमटते, आणि हादऱ्याला कवच नेमकं त्याच रेघेवर तडकतं. अर्धा मिलिमीटर फट ठेवा. फॉर्मर जागेवर धरा, चार ठिकाणी जाड सायनोचा (फेविक्विकच्याच जातीचा गोंद) थेंब टाकून पकडा, आणि मग दोन्ही बाजूंनी घट्ट केलेल्या ईपॉक्सीची कड भरा. हातमोज्याचं बोट एकदाच, न थांबता फिरवलं की कोपऱ्यात छान गोलाई येते. हीच गोलाई भार कवचावर पसरवते. ती मनासारखी आली नाही म्हणून पुन्हा पुन्हा बोट फिरवत बसू नका, त्यानं आत हवा शिरते.

घट्ट करायला काय घालायचं, यावर जोडाचं अर्धं आयुष्य ठरतं. फ्यूम्ड सिलिका नावाची अगदी बारीक पूड घातली की ईपॉक्सी ओघळत नाही, उभ्या भिंतीवर तशीच राहते. कापसाचा बारीक भुगा, म्हणजे कॉटन फ्लॉक, किंवा दळलेला काचधागा घातला की भार सोसायची ताकद येते. मी दोन्ही मिसळतो. मायक्रोबलून, म्हणजे सूक्ष्म पोकळ गोळ्यांची पूड, फार हलके आणि घासायला सोपे, पण ते खड्डे भरायला आणि आकार द्यायला. इंजिनाच्या किंवा चाकाच्या जोडात मायक्रोबलून घालणं म्हणजे वजन वाचवायच्या नादात विमान घालवणं. एम-सील दुकानात दिसतं म्हणून वापरू नका. गळक्या नळाला ते झकास, विमानात नुसतं वजन.

चार ठिकाणी मात्र मी हात आखडत नाही: इंजिनाच्या पट्ट्या, रिट्रॅक्टच्या (आत मिटणाऱ्या चाकांच्या) प्लेटा, पंख ज्या नळीवर बसतो तिची बाही, शेपटीची बैठक. आपल्याकडं गुळगुळीत धावपट्टी क्वचितच मिळते. माळावर उतरताना मागच्या चाकांना जो मागं ओढणारा झटका बसतो, तो सगळा त्या प्लेटच्या गोंदावर येतो, आणि तो जोड सोलून काढायला बघतो. नुसत्या सरकवणाऱ्या जोरापुढं बहुतेक गोंद टिकतात, सोलणाऱ्या जोरापुढं ठिसूळ गोंद हरतो. म्हणून इथं टफन केलेलं, म्हणजे ठिसूळ न राहता चिवट होणारं ईपॉक्सी हवं. जगभरचे जेटवाले त्यासाठी हायसॉल ९४६२ वापरतात, आता ते लॉकटाइट नावानं येतं. दोन भागांचं, लोण्यासारखं घट्ट, न ओघळणारं, वेळही भरपूर देणारं. महाग आहे आणि मागवावं लागतं. छोटं काडतूस घ्या, तारीख बघून घ्या, आणि फक्त याच जागांना लावा. बाकी सगळं अरालडाइट निभावतं. प्लेटा क्लॅम्पनं आवळताना जीव खाऊन आवळू नका. सगळा गोंद बाहेर पिळून निघाला तर आत उरतं काय? दोन दशांश मिलिमीटरचा थर राहिला पाहिजे.

हवेचं बोलायलाच हवं, कारण परदेशी सल्ले इथं तसेच्या तसे लागू पडत नाहीत. जून ते सप्टेंबर खानापूर-जांबोटीकडं तर सगळंच ओलं, बेळगाव-निपाणीतही प्लाय हातात घेतलं की दमट लागतं. अशा हवेत उघड्यावर सुकणाऱ्या ईपॉक्सीवर एक चिकट, मेणचट पापुद्रा येतो. त्यावर दुसरा थर दिलात तर तो सुटणार. आधी कोमट पाण्यानं धुवा, वाळवा, मग घासा; थेट घासलंत तर तो पापुद्रा पेपरनं आतच दाबला जातो. प्लाय पावसाळ्यात आदल्या दिवसापासून घरातल्या कोरड्या, उबदार जागी ठेवा. आणि डिसेंबरातल्या गारठ्यात उलटी अडचण. रसायनाचा साधा हिशेब असा, की तापमान १० अंशांनी उतरलं की काम साधारण निम्म्या वेगानं होतं. उन्हाळ्यात रात्रीत धरणारा जोड थंडीत सकाळी बोटाला मऊ लागतो. बिघडलेलं काही नसतं, थांबा. घाई असेल तर पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात जोड ठेवून हेअर ड्रायरनं ४०-५० अंशांपर्यंत ऊब द्या, जवळ उभं राहून. अशी ऊब मिळालेला जोड पुढं उष्णतेलाही जास्त टिकतो.

टर्बाइनच्या उष्णतेची भीती तुम्ही व्यक्त केलीय, ती रास्त आहे, पण तिचं उत्तर गोंदात शोधू नका. बाहेर पडणारा वायू ६०० अंशांच्या आसपास असतो. कुठलंही ईपॉक्सी त्याच्या वाटेला जाऊ शकत नाही. म्हणूनच स्टीलची दुहेरी भिंतीची नळी असते आणि दोन भिंतींमधून हवा वाहते. त्या नळीला गोंदानं काहीही चिकटवायचं नाही. ती पत्र्याच्या पट्ट्यांवर आणि स्क्रूवर बसते, आजूबाजूच्या फायबरला सिरॅमिकचं कापड किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइलचं अस्तर देतात. लक्षात ठेवायची वेळ म्हणजे इंजिन बंद झाल्यानंतरची: वारा थांबतो आणि साठलेली उष्णता आतल्या आत पसरते. गार करायचं चक्र पूर्ण होऊ द्या, हॅच उघडा. इंजिनाचे स्क्रू निळ्या थ्रेडलॉकरनं (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवानं) बसवा, पण ते धातूत धातू असेल तिथंच. लाकडात जाणाऱ्या स्क्रूच्या भोकात पातळ सायनोचा थेंब सोडा, वाळू द्या, मग स्क्रू फिरवा.

केरोसीन आणि टर्बाइन ऑइलचं मिश्रण कुठंतरी सांडणारच. तेल प्यालेल्या प्लायला पुढं जन्मात गोंद धरत नाही, म्हणून टाकीजवळचे फॉर्मर बसवायच्या आधीच पातळ ईपॉक्सीचा हात मारून बंद करा. साधं सिलिकॉन सीलंट इंधनाजवळ नको, ते फुगतं. ग्लू गनचा तर विचारही नको.

कंट्रोल हॉर्न (हलत्या पृष्ठभागाला सर्व्होची काडी जिथं जोडतात तो खुंट) आणि बिजागऱ्या दिसायला किरकोळ, पण जेटच्या वेगात एक हॉर्न हलायला लागला की एलिव्हेटर, म्हणजे शेपटीचा वर-खाली हलणारा भाग, फडफडतो आणि क्षणात खेळ खलास. हॉर्न नुसता फायबरच्या कातडीला नको, आतल्या कठीण लाकडाच्या ठोकळ्यापर्यंत गेला पाहिजे. त्याच्या पायात दोन-तीन बारीक भोकं पाडा, म्हणजे फ्लॉक घातलेलं ईपॉक्सी त्यातून आरपार जाऊन खुंटीसारखं अडकेल. बिजागरीच्या कण्याला आधी व्हॅसलीनचा ठिपका लावा, गोंद आत शिरत नाही.

राहिलं फेविक्विक. जातीनं ते सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे आपण म्हणतो तो सायनो, आणि तो हवेतल्या ओलाव्यानं आवळतो. म्हणून आपल्या पावसाळ्यात तो लावायच्या आधीच जमतो आणि मार्चच्या कोरड्या हवेत रेंगाळतो. गंमत म्हणजे १९४२ साली कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर यांच्या गटाला बंदुकीच्या नेमाच्या पारदर्शक प्लास्टिकसाठी प्रयोग करताना तो सापडला, आणि सगळ्यालाच चिकटतो म्हणून त्यांनी बाजूला टाकला. बाजारात तो आला १९५८ मध्ये. पानपट्टीवरची पाच रुपयांची ट्यूब पातळ असते, बाल्साच्या सांध्यात ती आपोआप शोषली जाते, पण फटीत काही कामाची नाही. कॅनॉपीजवळ, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाजवळ, तर अजिबात नको, वाफेनं काच पांढरी धरते. तिथं कॅनॉपी ग्लू म्हणून मिळणारा पांढरा गोंद लावा. थर्मोकोल सायनो खातो, म्हणजे विरघळवतो, हे गणपतीचं मखर केलेल्या कुणालाही ठाऊक असेल, तेव्हा पंखाचा गाभा थर्मोकोलचा असेल तर सांभाळून. आणि सांडलेला सायनो सुती फडक्यानं पुसू नका, कापसाशी तो इतका तापतो की धूर निघतो आणि बोटं भाजतात.

हातमोजे नायट्राइलचे घाला. ईपॉक्सीची अ‍ॅलर्जी हळूहळू जमा होते आणि एकदा झाली की बहुधा सुटत नाही. त्वचेवर लागलं तर साबणानं धुवा, अ‍ॅसिटोननं पुसू नका, त्यानं ते आणखी आत मुरतं. सायनोनं बोटं चिकटली तर ओढाताण न करता कोमट साबणाच्या पाण्यात ठेवा. डोळ्यात गेला तर पापणी जबरदस्तीनं न उघडता, भरपूर पाणी लावत सरळ डॉक्टरकडं.

थंडीत रेझिन साखरेसारखं दाणेदार झालं तर फेकू नका, बाटली गरम पाण्यात ठेवली की पूर्ववत होतं. न उघडलेला सायनो फ्रिजमध्ये टिकतो, पण बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर आत दव धरतं आणि अख्खी बाटली जमते. इंजिनाच्या पट्ट्या चिकटवायच्या आधी त्या फॉर्मरचा फोटो इथंच खाली टाका. प्लाय किती मिलिमीटरचं आहे आणि त्याला काचकापडाचा पट्टा द्यायला जागा उरलीय का, ते बघून सांगतो.