राजापूरहून इमॅजिकाला वाढदिवसाची सहल: मुक्काम कुठे करावा?

ताई, आधी उत्तर देते, कारणं मग सांगते. तुमच्या लेकीला मे महिन्यात नऊ वर्षं पूर्ण होतायत, वाढदिवस नेमका रविवारी आलाय आणि तिला खोपोलीचं इमॅजिका हे मनोरंजन उद्यान बघायचंय. सोबत पाच वर्षांचा धाकटा आणि सासूबाई, राजापूरहून घरची गाडी. उद्यानाला लागून असलेलं हॉटेल घ्यावं, लोणावळ्याला राहावं, की रात्री तसंच परत फिरावं, असं तुम्ही विचारलंय. आणि केक उद्यानात कापता येईल का, हेही. माझं मत असं: दोन रात्री राहा. पहिली पालीला साध्या ठिकाणी, दुसरी उद्यानालगतच्या हॉटेलात. आणि रविवारी जाऊ नका.

मी चिपळूणला राहते, माहेर सुधागड तालुक्यात, पालीजवळ. हा रस्ता आमच्या कायमच्या येण्याजाण्यातला. २०१३ साली हे उद्यान सुरू झाल्यापासून नात्यातली पोरं तिकडे घेऊन जायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं, आणि मी ते हौसेने करते.

पहिली गोष्ट रस्त्याची, कारण मुक्कामाचं गणित त्यावरच ठरतं. या उद्यानाबद्दल जे काही लिहिलेलं सापडतं ते बहुतेक मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी असतं, त्यामुळे सगळा हिशोब एक्स्प्रेसवेवरून मांडलेला असतो. आपण खालून येतो. आपल्याला पनवेल गाठायची गरजच नाही. महामार्गाने चिपळूण, खेड, पोलादपूर, महाड, माणगाव, कोलाड करत वाकण फाट्याला यायचं आणि तिथून उजवीकडे पालीच्या रस्त्याला लागायचं. पाली सोडलं की परळी, जांभूळपाडा, आणि त्याच रस्त्यावर खोपोलीच्या अलीकडे इमॅजिका. म्हणजे पाली तुमच्या वाटेवरच आहे, वाकडी वाट करावी लागत नाही. लोणावळ्यासाठी मात्र उद्यान मागे टाकून बोरघाट चढायचा आणि सकाळी परत उतरायचा. मे महिन्यात त्या घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. लोणावळा पावसात, निवांत दोन दिवस काढायला छान आहे. या कामासाठी नको.

राजापूरपासून सात-आठ तास धरा, मुलं आणि वयस्क माणूस सोबत म्हणजे थांबत थांबत त्याहून जास्त. एवढं अंतर कापून त्याच दिवशी उद्यान करणं म्हणजे दुपारी तीनला मुलगा खांद्यावर झोपलेला आणि तिकीट फुकट. आणि दिवसभर उन्हात पायपीट केलेल्या माणसाने रात्री नऊला महामार्गावर गाडी घालणं हे मला अजिबात पटत नाही. चालवणारा कितीही सराईत असू दे. म्हणून ‘तसंच परत फिरावं’ हा पर्याय डोक्यातून काढूनच टाका.

आता रविवारचं. मे महिन्यातल्या रविवारी उद्यानात मुंबई-पुण्याची गर्दी असते आणि महामार्गावर सुट्टी संपवून परतणारे चाकरमानी. तुम्ही त्यांच्याच दिशेने निघणार, म्हणजे माणगावला त्यांच्याच रांगेत उभे राहणार. तिकिटाचे आणि खोल्यांचे दरही मधल्या वारांना उतरतात. तेव्हा रविवारी घरी औक्षण करा, तिच्या आवडीचं जेवण करा आणि मंगळवारी निघा. बुधवार उद्यानाचा, गुरुवारी परत. आपल्याकडे तिथीने एकदा आणि तारखेने एकदा ओवाळणं होतंच, त्यात हा तिसरा दिवस बसून जातो. फक्त लेकीला हे आत्ताच सांगा. मुलांना दिवस पुढे गेल्याचं दुःख नसतं, आयत्या वेळी कळल्याचं असतं. आणि कालनिर्णयात एकदा बघून घ्या, त्या मंगळवारी अंगारकी आली असेल तर पालीला पाय ठेवायला जागा नसते. तसं असेल तर एक दिवस पुढे सरका.

मुक्काम असा उलटासुलटा का सांगते ते आता. हॉटेलचा दिवस दुपारी दोन-तीनला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला संपतो. उद्यानाचा दिवस साधारण सकाळी साडेदहा-अकरापासून रात्रीपर्यंत (वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, संकेतस्थळावर तारीख टाकून बघा). महागाची खोली आदल्या रात्री घेतलीत तर काय होतं? तुम्ही संध्याकाळी सात वाजता अंग आंबून पोचता, जेवता, झोपता. सकाळी मुलांना उद्यानाची घाई. पोहण्याच्या तलावाकडे कुणी बघत नाही, नाश्ता दोन घास खाऊन उठतात, दहाला खोली सोडायची. ज्याचे पैसे भरले त्यातलं काहीच वापरलं गेलं नाही. तीच खोली नंतरच्या रात्री घ्या. रात्री उद्यानातून बाहेर पडलात की चालत खोलीत. गाडी काढायची नाही, रस्ता नाही. सकाळी कुणाला कुठे जायचं नाही, त्यामुळे नाश्त्याला सगळे तासभर बसतात आणि मुलं पाण्यात डुंबतात. पैसे तेवढेच, पण मुलांच्या लक्षात राहणारी एक अख्खी सकाळ त्यात मिळते.

पहिल्या रात्री तुम्हाला हवं काय? स्वच्छ अंथरूण, पाणी, पंखा आणि जवळपास जेवण. पालीला देवस्थानचं भक्तनिवास आहे, देवळाच्या आसपास लॉजही आहेत. खोली आधी फोन करून ठरवा. आणि याचा दुसरा फायदा म्हणजे सासूबाई. उद्यानात त्यांच्यासाठी फार काही नाही, हे खरं आहे, पण बल्लाळेश्वराचं पहाटेचं दर्शन त्यांच्यासाठी अख्खी सहल आहे. लेकीलाही तिथली गोष्ट सांगा. अष्टविनायकांत भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा हा एकच गणपती, आणि तो भक्त बल्लाळ नावाचा लहान मुलगा होता. वाढदिवसाच्या सहलीची सुरुवात करायला याहून चांगलं देऊळ मला तरी माहीत नाही. आधी मागच्या बाजूच्या धुंडीविनायकाचं दर्शन घ्यायचं, मग बल्लाळेश्वराचं, अशी रीत आहे. आणि मुलांना देवळातली मोठी घंटा दाखवा. १७३९ साली वसईचा किल्ला जिंकल्यावर चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून आणलेल्या घंटांपैकी ती एक. आमच्या घरातली मुलं गाभाऱ्यापेक्षा त्या घंटेखालीच जास्त रेंगाळतात. साडेसहा-सातला दर्शन, मग पोटभर नाश्ता, नऊला निघालात तर उद्यान उघडायच्या आत दारात.

खर्च फार वाटला तर दोन्ही रात्री पालीलाच काढा. उद्यानातून निघून तासाभरात अंथरुणावर असाल. पोहणं जाईल, बाकी काही बिघडणार नाही.

उद्यानालगतचं हॉटेल म्हणजे नोव्होटेल, २०१५ मध्ये सुरू झालं, जवळपास पावणेतीनशे खोल्यांचं मोठं प्रकरण आहे. बुकिंगच्या संकेतस्थळावर भाव बघा, पण ठरवण्याआधी हॉटेलला थेट फोन करा. उद्यानाचं तिकीट धरून काही पॅकेज आहे का, विचारा. मग हे विचारा: पाच माणसं एका खोलीत घेतात का? सासूबाईंसाठी जादा पलंग देतात की जमिनीवर गादी? (गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवरची गादी म्हणजे रात्रभर शिक्षा.) दोन्ही मुलांचा नाश्ता खोलीच्या भाड्यात आहे का? रात्री साडेआठला आलो तरी खोली राखून ठेवाल ना? सामान सकाळी आणून ठेवता येईल का? रद्द करावं लागलं तर किती पैसे परत आणि कोणत्या तारखेपर्यंत? उत्तरं ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. खोपोलीच्या आसपास बंगलेही भाड्याने मिळतात, पण पाच माणसांच्या एका कुटुंबाला त्यात सोय कमी आणि आगाऊ पैशांचा घोर जास्त.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे आज संध्याकाळीच करा. दोन्ही मुलांना अनवाणी दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलीने खूण करा आणि टेपने उंची मोजा. या उद्यानात मुलांचं वय कुणी विचारत नाही, त्यांचं सगळं उंचीवर चालतं. मुलांचं तिकीटसुद्धा उंचीवर ठरतं आणि प्रत्येक राइडला आपापली मर्यादा असते. राइडच्या तोंडाशी मापाची पट्टी असते आणि तिथला कर्मचारी मुलाला तिच्यापाशी उभं करतो. अर्धा-पाऊण तास रांगेत काढल्यावर तिथून परत फिरवलेलं, ओठ मुडपून रडू आवरणारं पोर मी इतक्यांदा बघितलंय की आता घरूनच यादी करून निघते. संकेतस्थळावर प्रत्येक राइडची उंची दिलेली आहे. लेकीसोबत बसून कागदावर दोन रकाने करा, तिच्या आणि धाकट्याच्या. ‘हे पुढच्या वर्षी’ असं घरीच कळलं की दुःख निम्मं होतं.

नायट्रो हे मोठं रोलर कोस्टर आणि अंधारातलं डीप स्पेस तुमच्या यादीतून बहुधा आपोआप गळतील. धाकट्यासाठी टबी हा उडता हत्ती, घोड्यांचं चक्र, पाण्यात टकरा घेणाऱ्या होड्या, आणि हॅपी व्हील्स, जिथे मुलं स्वतः छोट्या गाड्या चालवतात. अलिबाबामध्ये गाडीत बसून नेम धरायचा असतो, तिथे बहीण-भाऊ दोघेही रमतात. सलीमगड भुताखेतांचं आहे, पाच वर्षांच्या मुलाला नकोच. सासूबाईंना एक तरी गोष्ट अनुभवायला द्यायची तर ‘आय फॉर इंडिया’ दाखवा. मोठ्या पडद्यासमोर खुर्च्या उचलल्या जातात आणि आपण देशावरून उडत चाललोय असं वाटतं. माझ्या आईने तिथे माझा हात घट्ट धरला होता आणि बाहेर आल्यावर परत बसायचं म्हणाली. संध्याकाळची मिरवणूकही त्यांना बसून बघता येते. चालण्याचा त्रास असेल तर व्हीलचेअरची सोय दारातच विचारा.

मे महिन्यातलं खोपोलीचं ऊन आपल्या किनाऱ्यासारखं नसतं. वारा नाही, डोंगराच्या पायथ्याशी सगळी हवा कोंडलेली. म्हणून उघड्यावरच्या राइड सकाळी उरका, बारा ते चार बंद सभागृहांतल्या करा, चारनंतर परत बाहेर. राजासॉरसची होडी धबकन पाण्यात उतरते आणि पार भिजवते, ती भर दुपारी घ्या, कपडे अंगावरच वाळतात. तरी मुलांचा एकेक जोड सोबत असू दे. वॉटर पार्क आणि स्नो पार्कची तिकिटं वेगळी असतात. एका दिवसात तिन्ही करायला जाऊ नका. मुलांना पाणीच हवं असेल तर हॉटेलचा तलाव आहेच.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. सासूबाईंची औषधं मात्र चिठ्ठीसकट पिशवीत ठेवा आणि तपासणीला आधीच दाखवा. त्यांचा बुधवारी उपास नाही ना, हेही बघा. आत उपासाचं मिळण्याचा भरवसा धरू नका.

हे वाचून कुणी पावसाळ्यात निघणार असेल तर एकच सांगते: अंबा नदीला पूर आला की पालीकडचा रस्ता बंद पडू शकतो. तेव्हा पेणवरून खोपोलीला या.

राहिला केक. राजापूरहून न्यायचा विचार सोडा, मे महिन्यात आठ तास गाडीत तो टिकणार नाही आणि आत नेताही येणार नाही. खोली ठरवतानाच हॉटेलला सांगा की बुधवारी रात्री नऊच्या सुमारास केक हवा, बिनअंड्याचा हवा असेल तर तेही, आणि त्यावर लिहायचं नाव लिहून पाठवा. निरांजन लावून ओवाळायचं असेल तर आधी विचारून घ्या. खोलीत धुराची घंटा असते, त्यामुळे बहुतेक ते खाली उपाहारगृहात किंवा बाहेर मोकळ्यावर जागा देतील. ताम्हण, निरांजन, सुपारी, अक्षता आणि कुंकवाची डबी घरून घेऊन जा.