राउटिंगचं पुस्तक घ्यायचंय? आधी शो आयपी राउटचं पान काढा

तुम्ही विचारलंय की सीसीएनएची (सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेची) तयारी सुरू करतोय, दुकानात तीन जाडजूड पुस्तकं चाळली, सगळी सारखीच वाटली, मग राउटिंगसाठी (पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, कुठल्या वाटेने पाठवायचा ते ठरवणं) कुठलं घेऊ. अहो, अनुक्रमणिका बघून काहीच कळणार नाही, ती सगळ्यांची सारखीच असते. शो आयपी राउट ही राउटरचं राउटिंग टेबल, म्हणजे त्याला माहीत असलेल्या वाटांची (रूटची) यादी दाखवणारी कमांड, तिचं आउटपुट छापलंय ते पान काढा. चांगलं पुस्तक एकेक ओळ फोडून सांगतं, सुरुवातीचा ओ म्हणजे रूट ओएसपीएफकडून (राउटर एकमेकांना वाटा कळवतात तो एक प्रोटोकॉल) आलाय, ११०/२ मधला ११० म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (रूट जिथून आला त्यावर भरवसा किती, आकडा कमी तेवढा भरवसा जास्त), २ म्हणजे कॉस्ट (त्या वाटेचा खर्च), व्हायापुढचा पत्ता नेक्स्ट हॉपचा, म्हणजे वाटेतल्या पुढच्या राउटरचा.

मग हे तपासा. टेबलमध्ये १०.१.१.०/२४ स्टॅटिक (हाताने टाकलेला) आहे आणि १०.१.१.०/२५ रिपकडून (असाच दुसरा प्रोटोकॉल) आलाय, पॅकेट १०.१.१.५ कडे निघालंय, कुठून जाईल? रिपच्या रूटने, कारण पॅकेट पाठवताना सगळ्यात लांब प्रीफिक्स (स्लॅशपुढचा आकडा मोठा असलेला) जुळतो तोच धरतात. डिस्टन्स, म्हणजे स्टॅटिकचा १ आणि रिपचा १२०, हा कामाला येतो तो नेटवर्क आणि मास्क (तोच स्लॅशपुढचा आकडा) दोन्ही सारखे असतील तर, टेबलात कुणाला घ्यायचं ते ठरवताना. मी शिकलो त्या पुस्तकात डिस्टन्सचा तक्ता होता आणि प्रीफिक्सबद्दल एक ओळसुद्धा नव्हती, त्यामुळे कितीतरी दिवस स्टॅटिक म्हणजे कायम पहिला असंच माझ्या डोक्यात बसलेलं, ते काढायला फार त्रास झाला. हा फरक सांगत नसेल ते पुस्तक परत फळीवर ठेवा.

पुण्याच्या आप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात, घ्या हवं तर, पण कव्हरवर आयसीएनडी (जुन्या सीसीएनएच्या पेपरांचं नाव) लिहिलं असेल तर ते २४ फेब्रुवारी २०२० च्या आधीच्या परीक्षेचं आहे. नंतरच्या २००-३०१ या परीक्षेत ईआयजीआरपीचं (आणखी एक राउटिंग प्रोटोकॉल) कॉन्फिगरेशन नाही, भर सिंगल एरिया ओएसपीएफवर (सगळे राउटर एकाच गटात) आहे. सबनेटिंग (नेटवर्कचे छोटे भाग पाडणं) मात्र त्यातूनही मस्त शिकता येतं, ते काही बदललेलं नाही.

आणि परतीचा रस्ता. दोन राउटर, दोन्हीकडे एकेक पीसी, स्टॅटिक रूट एकाच राउटरवर टाकलात तर त्या बाजूच्या पीसीचा पिंग (पोचतंय का बघायचा संदेश) पलीकडे पोचतो पण उत्तर परत येत नाही आणि स्क्रीनवर नुसतं रिक्वेस्ट टाइम्ड आउट. हे ज्या पुस्तकात मुद्दाम करून दाखवलंय ते डोळे झाकून घ्या. पॅकेट ट्रेसर हे नेटवर्क कॉम्प्युटरवरच जोडून बघायचं सिस्कोचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात सिम्युलेशन मोड लावला की उत्तराचं पाकीट दुसऱ्या राउटरवर येऊन तिथेच ड्रॉप होताना दिसतं.