उघड्यावरच्या रोषणाईचे डबे : वाचकांचे प्रश्न

सोलापुरात पावसाचा खरा जोर सप्टेंबरात असतो आणि गणेशोत्सव नेमका त्याच सुमारास येतो. गड्ड्याच्या यात्रेचा जानेवारी कोरडा असला, तरी पहाटे चांगलाच गारठतो. त्यामुळे रोषणाईचे कंट्रोलर (माळांची उघडझाप आणि रंग ठरवणारी यंत्रे) आणि एसएमपीएस (२३० व्होल्टची वीज माळांना लागणाऱ्या कमी व्होल्टवर आणणारी यंत्रे) ज्या घरगुती डब्यांत ठेवले जातात, त्यांविषयीची पत्रे वर्षातून दोनदा येतात. या वेळी त्यांतील पाच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : संक्रांतीला गच्चीवर माळा लावल्या होत्या. पाच लिटरच्या डाळीच्या डब्यात सर्व यंत्रणा ठेवून झाकणाची कड सिलिकॉनने आणि वायरींची भोके एम-सीलने बुजवली. पाऊस मुळीच नव्हता, तरी चौथ्या दिवशी तळाशी पाणी दिसले. ते आले कोठून? (जुळे सोलापूर)

उत्तर : ते पाणी डब्याने स्वतःच ओढून घेतले. माळा चालू असताना आतील हवा ५० अंशांपर्यंत तापली असे धरू. ती फुगते आणि सांध्यांतील बारीक फटींतून थोडी बाहेर पडते. माळा बंद होऊन पहाटे पारा १५ अंशांवर आला, की उरलेली हवा सुमारे एक-नवमांशाने आकसते, आणि तेवढी जागा भरून काढण्यासाठी अर्ध्या लिटरहून थोडी अधिक बाहेरची हवा आत शिरते. तिच्यातील ओल गार झाकणाला आतून दवासारखी धरते, म्हणजे डब्याला घाम फुटतो. हे रोज घडते, आणि ओघळून तळाशी आलेल्या पाण्याला बाहेर जाण्याची वाट मात्र आपण बुजवून टाकलेली असते. गणेशोत्सवात हाच प्रकार अधिक घातक ठरतो, कारण तापलेल्या डब्यावर अचानक सर आली तर सांध्यावर साचलेले पाणीच आत ओढले जाते.

म्हणून उघड्यावरचा डबा हवाबंद करण्याचा हट्ट सोडावा. डबा उभा बसवावा, सर्व वायरी तळातून आत घ्याव्यात आणि तळाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात चार-पाच मिलिमीटरचे एक भोक मोकळे ठेवून त्यावर आतून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा लावावा, म्हणजे पाणी निघून जाईल आणि मुंग्या येणार नाहीत. कंट्रोलर तळापासून किमान दोन बोटे वर असावा. प्रत्येक वायरीला डब्यात शिरण्यापूर्वी खाली झोळ द्यावा. पाणी वायरीवरून ओघळत येते आणि झोळाच्या तळाशी गळून पडते. केबल ग्लँड (केबल डब्यात शिरते तेथे तिला आवळून धरणारा जोड) उत्तम, पण त्यातील रबर फक्त गोल केबलला नीट आवळते. माळेची चपटी वायर तशीच घातली तर दोन्ही बाजूंना फट राहते. अशा वेळी आतून गोल केबल आणून चपट्या वायरीशी जोड डब्याबाहेर जलरोधक कनेक्टरने करावा.

डाळीचे डबे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात, ज्याला सिलिकॉन धड चिकटत नाही आणि जे आपल्याकडच्या उन्हात लवकर ठिसूळ होते. विजेच्या दुकानातील पीव्हीसी किंवा पॉलिकार्बोनेटचा जंक्शन बॉक्स घ्यावा. शिवाय ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि तांब्याला गंज चढवते. सर्किटजवळ न्यूट्रल, म्हणजे असे आम्ल न सोडणाऱ्या प्रकारचेच वापरावे.

प्रश्न : एसएमपीएस घरातच ठेवून १२ व्होल्टची वायर गच्चीवर नेली, तर डब्याची कटकटच उरणार नाही. हे चालेल का? (होटगी रस्ता)

उत्तर : अंतर कमी असेल तर हाच सर्वांत चांगला मार्ग आहे, कारण २३० व्होल्ट उघड्यावर जातच नाहीत. मात्र दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध दर किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. दहा मीटर अंतरासाठी जाण्यायेण्याची वायर वीस मीटर होते, तिचा रोध ०.२४ ओहम, आणि १० अँपिअर प्रवाहाला २.४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. बारापैकी पाचवा हिस्सा गेला की लांबच्या माळा मंद दिसू लागतात आणि पांढरा रंग तांबूस होतो; ५ व्होल्टच्या पिक्सेल माळांत (ज्यांतील प्रत्येक दिव्याचा रंग स्वतंत्रपणे बदलता येतो) तर निम्मे बळ संपते. त्यामुळे जाड वायर वापरावी, नाहीतर एसएमपीएस माळांजवळ न्यावा लागतो.

तो बाहेर नेलाच, तर पावसाइतकाच उष्णतेचा विचार करावा. ८५ टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस २०० वॅट देत असताना सुमारे ३५ वॅट उष्णता डब्यात सोडतो. डबा पांढरा आणि सावलीत असावा, दोन बाजूंना खाली तोंड केलेल्या झडपा ठेवाव्यात आणि लेबलवरील क्षमतेच्या ७० टक्क्यांपेक्षा अधिक भार टाकू नये. पाऊस आला म्हणून वरून जुनी चादर टाकण्याची पद्धत मी या शहरात वारंवार पाहिली आहे. चादर आपली सोलापुरी असली, तरी भिजल्यावर ती पाणी धरून ठेवते आणि झडपाही बंद करते.

प्रश्न : दुकानदार ‘रेनप्रूफ’ आणि ‘आयपी ६५’ एकच असल्याचे सांगतो. (अशोक चौक)

उत्तर : एकच नव्हे. आयपी ही धूळ आणि पाणी यांपासून बचावाची श्रेणी; तिच्यातील पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६५ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून बचाव. ‘रेनप्रूफ’ एसएमपीएसच्या पत्र्याला झडपा असतात. तो सांगितलेल्या दिशेने उभा लावला तरच वरून येणारा पाऊस टाळतो. आणि आयपी ६५ च्या डब्याला आपण ड्रिलने एक भोक पाडले, की तो आकडा आपल्या हाताच्या सफाईवर अवलंबून राहतो.

प्रश्न : पाऊस पडला की मंडपातील आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) पडते, म्हणून वायरमनने ती बाजूला काढून थेट जोडणी दिली. एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर वाढल्यास पुरवठा तोडणारा स्विच) आहेच, मग धोका आहे का? (बाळी वेस)

उत्तर : आहे, आणि ही जोडणी आजच बदलून घ्यावी. १६ अँपिअरची एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते. माणसाच्या जिवाला ३० मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाहही धोक्याचा असतो, आणि तो एमसीबीला जाणवतसुद्धा नाही. आरसीसीबी पडते याचा अर्थ बहुधा कोठेतरी वीज ओलीतून जमिनीत जात आहे. मुख्य पुरवठा बंद करून सर्व शाखा सोडवाव्यात, मग एकेक जोडत गळती शोधावी. बहुतेक वेळा ती टेप गुंडाळलेल्या उघड्या जोडात सापडते.

दुसरेही एक कारण असू शकते. प्रत्येक एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा प्रवाह अर्थिंगला जातच असतो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ च्या पुढे केव्हाही पडू शकते, त्यामुळे वीस-पंचवीस एसएमपीएस एकाच आरसीसीबीवर असतील तर बिघाड नसतानाही ती पडेल. अशा वेळी भार दोन-तीन आरसीसीबींवर विभागावा. या डब्यांपर्यंतची २३० व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी, आणि एसएमपीएसच्या पत्र्याला अर्थिंग जोडलेले आहे हे समक्ष पाहावे.

प्रश्न : उत्सव संपल्यावर हे सर्व कसे ठेवावे? (विजापूर रस्ता)

उत्तर : दोन दिवस घरात उघडे ठेवून पूर्ण सुकवावे, टर्मिनलचे स्क्रू पुन्हा आवळावेत, मग सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात कपाटात ठेवावे. पहिल्या प्रश्नातील डाळीचा डबा येथे निर्धास्तपणे वापरता येईल.