घिद्रात काहीच कळत नाही, म्हणून क्षेत्र बदलू का?

प्रश्न : सर, मी सांगलीत बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला मालवेअर अ‍ॅनालिसिसमध्ये, म्हणजे घातक सॉफ्टवेअर तपासायच्या कामात जायचं आहे. घिद्रा (तयार प्रोग्राम उलगडून वाचायचं साधन) डाउनलोड करून एक छोटी एक्झी फाइल उघडली, तर सगळीकडे 'फन' आणि पुढे आकडे, नाहीतर 'लोकल' आणि पुढे आकडे. सी भाषा चांगली येते, तरी डोक्यावरून गेलं. बाबा म्हणतात वेब डेव्हलपमेंट शिक. माझी कुवत कमी पडते का?

उत्तर : तुझ्या कुवतीचा इथे प्रश्नच नाही. तू जे वाचायला बसलास त्यातून मूळ लेखकाच्या खुणा आधीच पुसल्या गेल्या आहेत. कंपाइल होताना, म्हणजे लिहिलेल्या कोडचा मशीन कोड बनताना कॉमेंट्स जातात, व्हेरिएबलची नावं सहसा उरत नाहीत, स्ट्रक्चरच्या जागी मेमरीतली नुसती अंतरं राहतात. मग घिद्रा पत्त्यावरून स्वतःच काहीतरी नाव देतं. समोर दिसतं ते सी त्याने अंदाजाने रचलेलं असतं.

त्यात ऑप्टिमायझेशनची, म्हणजे प्रोग्राम वेगवान करण्यासाठी कंपायलर कोडमध्ये करतो त्या बदलांची भर. कोडमध्ये तू ३२ बिटच्या अनसाइन्ड (ऋण नसलेल्या) संख्येला १० ने भागलंस, तरी मशीन कोडमध्ये भागाकार बहुधा सापडतच नाही. कंपायलर त्या संख्येला ३४३५९७३८३७ ने गुणतो आणि उत्तर ३५ बिट उजवीकडे सरकवतो, कारण भागाकार प्रोसेसरला महाग पडतो. हा आकडा २ च्या ३५ व्या घाताला १० ने भागून वर पूर्णांकात घेतलेला आहे. हे ठाऊक नसलेला माणूस त्या ओळीवर तासन् तास अडकेल, आणि तसं अडकणं साहजिक आहे. छोटी फंक्शन्स तर मोठ्यांच्या पोटात विरघळून जातात.

म्हणून दुसऱ्याची फाइल तूर्त बाजूला ठेव. स्वतः दहा ओळींचा प्रोग्राम लिही: एक लूप, एक इफ, एक भागाकार. जीसीसी या कंपायलरने आधी ऑप्टिमायझेशनशिवाय, डीबग माहितीसकट कंपाइल कर आणि घिद्रात उघड. मग तोच ओ-टू हा ऑप्टिमायझेशनचा पर्याय लावून. मग स्ट्रिप करून, म्हणजे उरलीसुरली नावंही काढून टाकून. उत्तर तुला आधीच माहीत असल्यामुळे काय कुठे गायब झालं ते डोळ्यांना दिसेल. कंपायलर एक्सप्लोरर या साइटवर हेच ब्राउझरमध्ये, ओळीला ओळ लावून पाहता येतं. सोबत x८६ प्रोसेसरची असेंब्ली भाषा, स्टॅक आणि जीडीबी हा डीबगर पक्कं कर. त्यानंतर क्रॅकमी, म्हणजे उलगडायच्या सरावासाठीच बनवलेले छोटे प्रोग्राम घे. पैसे देऊन घ्यायच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स तोडायच्या फंदात मात्र पडू नकोस, त्यात कायदेशीर लफडी आहेत. आणि खरं मालवेअर नेट बंद केलेल्या व्हर्च्युअल मशीनबाहेर उघडायचं नाही, म्हणजे नाही.

आणखी एक. या कामात अख्खा प्रोग्राम कुणी वाचत नाही. आधी नेमका प्रश्न ठरतो: हा प्रोग्राम नेटवर कुठे जोडला जातो, कोणत्या फाइलला हात लावतो? मग स्ट्रिंग्स (आतला मजकूर) आणि इम्पोर्ट्स (बाहेरून मागवलेली फंक्शन्स) बघत तेवढाच भाग गाठायचा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं मालवेअर पसरत असताना ते एका लांबलचक, कुणीच न नोंदवलेल्या डोमेनशी (वेब पत्त्याशी) संपर्क करतंय, हे इंग्लंडच्या सुरक्षा संशोधक मार्कस हचिन्सच्या लक्षात आलं. त्याने ते डोमेन नोंदवलं. तिथून प्रतिसाद मिळाला की थांबायचं, अशी अट कोडमध्येच होती, म्हणून पसरणं बरंच आटोक्यात आलं.

बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. फ्रेशरला थेट मालवेअर अ‍ॅनालिस्टची जागा मिळणं अवघड आहे, बरेच जण एसओसीत, म्हणजे कंपनीच्या सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या विभागात सुरुवात करून इकडे वळतात. त्यांना सांग की तुला अजून एक वर्ष हवंय: कॉलेज सांभाळून सी, लिनक्स आणि नेटवर्किंग. पदवीनंतर सी-डॅक या सरकारी संस्थेच्या सिक्युरिटीच्या पीजी डिप्लोमाची प्रवेश परीक्षा देता येईल का, ते पात्रतेच्या अटी वाचून आत्ताच बघ. अँटिव्हायरस कंपन्या पुण्यातही आहेत. मुलाखतीत दाखवायला स्वतः सोडवलेल्या दोन-चार क्रॅकमींचं सविस्तर टिपण ठेव: कुठे अडलास, काय वाटलं होतं, निघालं काय.

पहिला दहा ओळींचा प्रोग्राम तिन्ही प्रकारे कंपाइल केलास की काय दिसलं ते मला कळव. भागाकाराची ओळ सापडली नाही तर तेही लिही.