पेजेची वाटी

म्हापशाच्या एका वाचक भगिनीचे पत्र थोडक्यात असे: "मावशी, मी मूळची वसईची. सात वर्षांपूर्वी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना पेज भरवताना वैतागून 'सुटा एकदाच्या' म्हणाले. त्याच पहाटे त्या गेल्या. तेव्हापासून चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला शेवटच्या बाकावर बसते. कम्युनियनचा प्रसाद घ्यायला निघालेल्यांना वाट द्यायला गुडघे बाजूला घेते, स्वतः उठत नाही. घरातल्या येशूच्या 'दैवी दया' तसबिरीकडे बघवत नाही. देव मला क्षमा करील?"

बाळ,

तू बोललीस ते वाईटच बोललीस, त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पण सासूबाई आजाराने गेल्या, तुझ्या शब्दाने नव्हे. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा तू सात वर्षं भोगते आहेस आणि खऱ्या चुकीची कबुली तेवढी राहून गेली.

येशूचा शिष्य पेत्र आठव. येशूला पकडून नेले त्या थंडीच्या रात्री वाड्यात निखाऱ्यांपाशी शेकत असताना 'मी त्याचा नाही' म्हणत त्याने येशूला नाकारले. तीनदा. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या अध्यायात पुन्हा निखारे येतात. तळ्याकाठी त्यांच्यावर मासळी भाजत ठेवून पुनरुत्थित येशू वाट बघतोय. तो आधी पेत्राला जेवू घालतो, मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस ना? 'त्या रात्री असं का केलंस' हे एकदाही विचारत नाही. इथे आले की माझे डोळे भरून येतात. आणि पेत्र! नाव काठाला लागेपर्यंतही त्याला धीर धरवला नाही, त्याने सरळ पाण्यात उडी टाकली. तू मात्र आधी लायक होऊ, मग जाऊ म्हणून थांबली आहेस.

ती तसबीर पोलंडच्या सिस्टर फाउस्तिनांना १९३१ साली झालेल्या दर्शनावरून काढलेली आहे. तिच्याखालची ओळ वाच: येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे. लायकीचा शब्दही नाही त्यात.

या शनिवारी कुमसाराला, फादरांपुढे पापाची कबुली द्यायला, जा. कोंकणीत जीभ अडखळत असेल तर मराठीत बोल, इथल्या फादरांना कळते. पेजेची वाटी आणि तो शब्द, एवढेच सांग. कुमसारात ऐकलेले फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, तुझ्या नवऱ्यालासुद्धा नाही.

नवऱ्याला तू सांगावेस, असे मला वाटते. पण घाईने नको. आपले ओझे उतरवायचे म्हणून त्याच्या डोक्यावर ठेवू नकोस. कधीतरी तो आपणहून आईबद्दल बोलत बसेल, तेव्हा सांग. तो रागावला तर रागावू दे.

रविवारी तू बाकावरून उठशील, तेव्हा शेजारचे कुणीतरी गुडघे बाजूला घेईल.

— तुझी मावशी