घर परत मिळेल का? आधी मुलीकडची ती चिठ्ठी आणा

सातारा जिल्ह्यातल्या एका ज्येष्ठ वाचकांनी २०१९ मध्ये राहतं घर बक्षीसपत्राने मुलाच्या नावे केलं. आता नवरा-बायको मागच्या खोलीत, चूल वेगळी, औषधपाणी आपलं आपण. त्यांचं म्हणणं, सरकारने ज्येष्ठांचा कायदा नीतीला धरूनच केलाय. मग मुलाने नीती सोडली तर घर परत मिळायलाच हवं. अशी पत्रं माझ्याकडे सारखी येतात.

काका, कायद्याचं मूळ नीतीत आहे, मान्य. आई-बापाला वाऱ्यावर सोडू नये, एवढ्याच समजुतीवर २००७ चा कायदा उभा आहे. पण तिच्या जोरावर मिळते ती पोटगी. प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करा. तुमचं भागत नाही आणि मुलगा ऐपत असून बघत नाही, हे दिसलं तर दरमहा १०,००० रुपयांपर्यंत आदेश होऊ शकतो. नेमके किती, ते तुमच्या पेन्शनवर ठरेल.

घराला याच कायद्याचं कलम २३ लागतं, त्याचा अर्ज वेगळा. मुलगा कसा निघाला हे नंतर. घर देताना सांभाळाची अट होती का, हे ते आधी विचारतं. अट होती आणि ती मोडली, तर दस्त फसवणुकीने झाला असं धरून तो रद्द करता येतो. २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आईच्या बाजूचा आदेश रद्द केला, कारण अशी अट होती असं तिच्या अर्जातसुद्धा म्हटलेलं नव्हतं.

तुमच्या दस्ताचं पान ३ बघा : ‘नैसर्गिक प्रेम व मायेपोटी, विनामोबदला, विनाअट’. दोनशे रुपयांच्या मुद्रांकात काम होतंय म्हणून समोर आलेल्या तयार मसुद्यावर न वाचता सही ठोकलीत. सांभाळाची एक ओळ घालायला जादा खर्च आला नसता.

दोन पानं नीतीवर लिहून शेवटी जाता जाता तुम्ही सांगता, दस्ताच्याच दिवशी मुलाने बहिणीला वहीच्या कागदावर लिहून दिलं : ‘आई-बाबांना शेवटपर्यंत मी बघणार, तू हिस्सा मागू नकोस.’ अहो, सगळं प्रकरण या कागदावर आहे! जानेवारी २०२५ च्या उर्मिला दीक्षित निकालात सर्वोच्च न्यायालयाने बक्षीसपत्राबरोबर मुलाने दिलेलं वचनपत्र ग्राह्य धरलं आणि मालमत्ता आईला परत दिली. तुमच्या दस्तातला ‘विनाअट’ शब्द मात्र आडवा येणार. चिठ्ठी त्याला पुरून उरेलच असं छातीठोकपणे सांगत नाही. अट दस्तातच हवी का, यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही.

चिठ्ठीचा मूळ कागद मुलीकडून घ्या. झेरॉक्स चालणार नाही, लॅमिनेशन तर करूच नका. कलम २३ च्या अर्जात अट स्पष्ट लिहा, चिठ्ठीत आहे तेवढीच. पदरचं काही घालू नका. मुलगा घराला गिऱ्हाईक बघतोय म्हणालात, तेव्हा पहिल्याच तारखेला विक्रीवर मनाई मागा. सगळं माहीत नसलेला खरेदीदार मध्ये आला की गुंता वाढतो. पोटगीचा अर्ज ९० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो, पण प्रांतसाहेब कधी निवडणुकीच्या कामात, कधी पंचनाम्यांत. तारखा पडतच राहतात. दस्त रद्द करायला दिवाणी दावा लावायचा तर त्याची ३ वर्षांची मुदतही डोक्यावर आहेच.

दिवाळीत नातेवाइकांची बैठक घ्यायची तर घ्या, पण पोटगीचा आणि घराचा, दोन्ही अर्जांची पोच खिशात ठेवून बसा.